यकृतपेशी आणि तिचा पाया

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत नववीतील एक विद्यार्थी वहीत घडी घालून ठेवलेला कागद घेऊन आमच्याजवळ आला. त्याच्या वडिलांच्या यकृताच्या तपासणीचा तो अहवाल होता. अहवालाच्या मध्यभागी ठळक अक्षरांत १४.२ असा आकडा आणि त्यापुढे 'किलोपास्कल' असे एकक छापलेले होते. मुलाने विचारले, "सर, पास्कल तर दाबाचं एकक आहे. बाबांच्या लिव्हरमध्ये दाब कसला मोजला?" विज्ञानाचे शिक्षक त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले होते. आमचा विषय इतिहास. "उद्या सांगतो," असे आम्ही म्हणालो खरे. परंतु तो 'उद्या' उजाडायला दोन-अडीच महिने लागले. त्या काळात जे वाचले आणि जाणकारांना विचारून जे समजून घेतले, त्याचा हा वृत्तान्त आहे. मुलाची व त्याच्या वडिलांची संमती घेऊनच हा प्रसंग येथे दिला आहे. ओळख पटेल असे अधिक काही आम्ही सांगणार नाही. एवढे मात्र सांगणे भाग आहे, की यकृताचे दुखणे म्हणताच वस्तीतील लोकांनी दारूचे नाव घेतले. त्या गृहस्थांनी पंचशील घेतल्यापासून दारूला स्पर्श केलेला नाही. त्यांचा आजार हिपॅटायटिस बी या विषाणूचा आहे.

तो आकडा दाबाचा नसून यकृताच्या कडकपणाचा होता. कडकपणाही दाबाच्याच एककात मोजतात. पण यकृत कडक आहे की मऊ याला एवढे महत्त्व का असावे? त्याचे उत्तर शोधताना आम्ही रुग्णालयाऐवजी प्रयोगशाळेच्या दारात जाऊन पोहोचलो. शरीराबाहेर, बशीत, यकृताच्या पेशी जगविण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ अनेक दशके करीत आले आहेत. त्यांना त्यात जे अपयश येत गेले, त्यातूनच हे उत्तर निघाले.

आपल्या मुलांना खुद्दकपाठातील बत्तीस अवयवांची यादी ठाऊक असते. तीत 'यकनं' येते. तेच हे यकृत. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन येथे तयार होते, अमोनियाचे युरियात रूपांतर येथे होते, पित्त येथे स्रवते, साखर येथे साठते आणि आपण घेतलेल्या बहुतेक औषधांची मोडतोडही येथेच होते. ही कामे मुख्यतः यकृतपेशी करतात. यकृताच्या आकारमानाचा सुमारे ऐंशी टक्के भाग त्यांनीच व्यापलेला असतो.

या अवयवाची भरून येण्याची शक्ती विलक्षण आहे. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ साली उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला, तरी उरलेला भाग काही दिवसांतच वाढून मूळ वजनापर्यंत पोहोचला. मग अशा चिवट अवयवाच्या पेशी बशीत सहज वाढाव्यात, असे कोणालाही वाटेल. घडते नेमके उलट. १९६९ साली बेरी आणि फ्रेंड यांनी जिवंत यकृतात कोलॅजिनेज हे विकर सोडून पेशी सुट्या करण्याची चांगली रीत शोधली. एका यकृतातून कोट्यवधी जिवंत पेशी हाती येऊ लागल्या. त्या उत्तम पोषकद्रवात, योग्य तापमानात, प्लास्टिकच्या बशीत ठेवल्या. पेशी बशीला चिकटल्या, पसरल्या, चपट्या झाल्या आणि काही दिवसांतच आपले काम विसरल्या. अल्ब्युमिन घटले, औषधे मोडणारी विकरे तर त्याहूनही आधी ओसरली. पेशी मेल्या नव्हत्या. त्यांची जनुकेही तीच होती. पण त्या यकृताच्या पेशी उरल्या नव्हत्या.

या कोड्याने आम्हांला धरून ठेवले. अन्न तेच, ऊब तीच, वारसा तोच. मग बदलले काय? बदलला होता तो पायाखालचा आधार.

परांची आणि जाळे

इमारत बांधताना भोवती बांबूंची जी चौकट उभारतात, तिला आपण परांची म्हणतो. पेशी वाढविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आधाराला इंग्रजीत परांचीचाच शब्द आहे. उपमा अर्धीच खरी आहे. परांची काम संपल्यावर उतरवितात आणि भिंतीला तिची आठवणही राहत नाही. शरीरातील पेशी मात्र आयुष्यभर एका तंतुमय जाळ्याला धरून असतात. हे जाळे पेशींनीच विणलेले असते आणि तेच पुढे पेशींना घडवीत राहते. आम्ही या लेखात त्याला 'आधारद्रव्य' म्हणू.

इतिहासाच्या शिक्षकाला आरंभ शोधण्याची खोड असते. या विषयाचा आरंभ आम्हांला कोळ्याच्या जाळ्यात सापडला. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर वाढवून दाखविले. पेशीसंवर्धनाचा पाया त्यांनी घातला असे मानतात. त्यांनीच पुढे भ्रूणपेशींना कोळ्याच्या जाळ्याचे धागे आधाराला दिले आणि १९१४ साली दाखवून दिले, की पेशी धाग्याच्या दिशेने सरकतात व त्याच्या आकाराप्रमाणे स्वतःचा आकार बदलतात. पेशीला आधार 'जाणवतो', हे तेव्हाच दिसले होते. तरीही नंतरची कित्येक वर्षे प्रयोगशाळांचे लक्ष आधारापेक्षा पोषकद्रवाकडेच अधिक राहिले. अन्न दिले की जीव वाढतो, ही समजूत केवळ प्रयोगशाळांपुरती नसते.

यकृतपेशींच्या बाबतीत वळण आले ते १९७५ साली. मायकेलोपोलस आणि पिटो यांनी या पेशी प्लास्टिकऐवजी कोलॅजेनच्या पडद्यावर ठेवल्या. कोलॅजेन म्हणजे कातडी, स्नायुबंध, हाडे यांतील मुख्य तंतुमय प्रथिन. ते उकळले की जिलेटीन आणि सरेस मिळतो. या पडद्यावर पेशी अधिक काळ टिकल्या आणि काही कामे करीत राहिल्या. येथे एक बारकावा आहे. कोलॅजेनचा पातळ थर प्लास्टिकवर लेप दिल्याप्रमाणे वाळविला, तर पेशी त्याला घट्ट चिकटतात, पण पुन्हा चपट्या होतात आणि काम विसरतात. तेच कोलॅजेन ओलसर, लिबलिबीत गोळ्याच्या रूपात दिले तर वागणूक निराळी. द्रव्य एकच; परंतु एका ठिकाणी त्याच्याखाली कठीण प्लास्टिक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते स्वतःच मऊ गादीसारखे आहे.

१९८९ साली डन, यार्मश आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. खाली कोलॅजेनची मऊ गादी, तीवर यकृतपेशी आणि त्यांच्यावर पुन्हा कोलॅजेनचा थर. गोधडीच्या दोन पदरांमध्ये कापूस ठेवावा तशी ही रचना. एकाच थरावरील पेशी आठवड्याभरात निकामी होत, तर या दोन थरांमधील पेशी सहा आठवडे अल्ब्युमिन स्रवत राहिल्या. वरच्या एका थराने एवढा फरक पडावा, याचे कारण यकृताच्या रचनेत आहे. शरीरात यकृतपेशी एकेरी भिंतीसारख्या रांगांत असतात. त्यांच्या दोन बाजूंना रक्त वाहते आणि तेथे आधारद्रव्याचा विरळ थर असतो. शेजारच्या पेशीला जेथे पाठ लागते, तेथे पित्ताची सूक्ष्म नाली बनते. म्हणजे पेशीला वर-खाली आधार आणि कडेला शेजारी, अशी दिशांची जाणीव लागते. बशीत तिला आधार फक्त खालून मिळत होता. वरून पांघरूण मिळताच तिला आपल्या दिशा कळल्या आणि शेजारच्या पेशींबरोबर तिने पित्तनालीही तयार केली.

त्याच सुमारास उंदराच्या एका गाठीपासून मिळणाऱ्या, लॅमिनिन या प्रथिनाने समृद्ध अशा मऊ द्रव्यावरही यकृतपेशी ठेवून पाहण्यात आल्या. त्यावर त्या पसरतच नाहीत. गोल राहतात, एकमेकींना बिलगतात आणि अल्ब्युमिन उत्तम बनवितात. जगभरच्या प्रयोगशाळा हे द्रव्य आजही वापरतात. परंतु ते कर्काच्या गाठीतून येते आणि त्यात नेमके काय किती आहे हे दर खेपेस बदलते, त्यामुळे माणसाच्या शरीरात घालण्याच्या कामाचे ते नाही. आम्हांला वाटते, संशोधनात सोय आणि सत्य यांची गल्लत अशाच ठिकाणी होण्याचा संभव असतो.

पेशी पायाला ओढून पाहते

पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. मऊ आणि कठीण यांतला भेद ती जाणते तरी कशी? तिच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे एक टोक बाहेरच्या आधारद्रव्याला धरते, दुसरे टोक आतील प्रथिनांच्या दोरखंडांना बांधलेले असते. पेशी हे दोर सतत ओढीत असते. दलदलीत रोवलेला खुंटा ओढला तर तो हलतो व दोर सैल राहतो. मुरुमात रोवलेला हलत नाही आणि दोर ताणला जातो. कठीण पायावर पेशीच्या आतला ताण असाच वाढतो. ती पसरते, तिचे केंद्रकही चपटे होते, 'यॅप' नावाचे प्रथिन केंद्रकात शिरते आणि पसरण्याची, विभागण्याची जनुके जागी होतात. त्याच वेळी यकृतपणाचे नियमन करणारी प्रथिने, त्यांपैकी प्रमुख 'एचएनएफ-४ अल्फा', ओसरू लागतात. जनुके नष्ट होत नाहीत. त्यांतली कोणती वाचली जावीत हे बदलते.

२००६ साली एंग्लर, डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतील मूलपेशींवर केलेला प्रयोग येथे आठवतो. वेगवेगळ्या कडकपणाच्या गाद्यांवर त्यांनी एकाच प्रकारच्या पेशी ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ गादीवर त्या चेतापेशींची लक्षणे दाखवू लागल्या, स्नायूइतक्या कडक गादीवर स्नायूंची, त्याहून कडक गादीवर हाडांची. प्लास्टिकची बशी या सर्वांहून फार वेगळी आहे. निरोगी यकृताचा कडकपणा काही किलोपास्कल असतो. पॉलिस्टायरीनच्या बशीचा त्याच्या लाखो पट. यकृतपेशीला त्या बशीत ठेवणे म्हणजे तिला दगडी फरशीवर निजविण्यासारखेच होते.

येथे आमच्यातील शिक्षकाला थोडे बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या समाजात गुण जन्माने ठरतात असे शतकानुशतके सांगितले गेले, त्या समाजातील वाचकाला हे प्रयोग वाचून काय वाटेल हे उघड आहे. वंशशुद्धी व आनुवंशिकता यांच्या आधारे होणाऱ्या जातीच्या समर्थनाचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये घेतला होताच. तथापि बशीतील पेशीवरून माणसाच्या समाजाबद्दल सिद्धान्त काढण्याचा मोह आम्ही टाळतो. जातीच्या समर्थकांनी जीवशास्त्राची उसनी साक्ष काढली, ती चूक आपण उलट्या बाजूने करू नये. जातीविरुद्धचा आपला युक्तिवाद न्यायाचा आणि इतिहासाचा आहे. त्याला पेशीच्या साक्षीची गरज नाही. प्रतीत्यसमुत्पादाची आठवण मात्र होते आणि ती योग्यच आहे. 'यकृतपणा' ही पेशीच्या पोटात कायमची दडलेली वस्तू नव्हे. जनुके, शेजार, आधार आणि रक्तप्रवाह हे सारे एकत्र असतील तोवर ती अवस्था टिकते; त्यांतले एक काढले की ती ढळते.

शेजाराचे महत्त्व दाखविणारा प्रयोग तर आमचे वरील विवेचन थोडे अडचणीत आणणारा आहे. फ्रान्समध्ये गुगेन-गियूजो यांनी १९८३ च्या सुमारास यकृतपेशींबरोबर यकृतातीलच दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढविल्या, तेव्हा त्या अधिक टिकल्या. पुढे भारतीय स्थलांतरित कुटुंबात जन्मलेल्या, अमेरिकेतील एमआयटी येथे काम करणाऱ्या संगीता भाटिया यांनी सलमान खेतानी यांच्यासह २००८ साली मानवी यकृतपेशींची बेटे तयार केली. बशीवर कोलॅजेनचे सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाचे ठिपके छापायचे, त्यांवर यकृतपेशी बसवायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत उंदराच्या तंतुपेशी भरायच्या. या पेशी कित्येक आठवडे काम करीत राहिल्या. आणि बशी कठीणच होती! म्हणजे कडकपणा हे एकमेव कारण नव्हे. बेटाचा आकार योग्य असेल आणि शेजारी योग्य असतील, तर कठीण पायावरही पेशीचा तोल टिकू शकतो.

दूध, शेवाळ आणि कोसा

आधारासाठी वापरलेल्या द्रव्यांची यादी लांबलचक आहे. सर्वांची ओळख करून देण्यात अर्थ नाही. विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या बहुवारिकांपासून सच्छिद्र चौकटी बनवून त्यांत पेशी रुजविण्याची कल्पना व्हॅकँटी आणि लँगर यांनी १९८८ पासून पुढे आणली. अशी चौकट कालांतराने विरघळून जाते. खऱ्या अर्थाने परांची तीच. परंतु यकृतपेशीला ती द्रव्ये स्वतःहून ओळखीची वाटत नाहीत, म्हणून त्यांवर कोलॅजेनसारख्या प्रथिनाचा लेप द्यावा लागतो.

जपानमध्ये आकाइके आणि सहकाऱ्यांनी निराळी युक्ती केली. यकृतपेशीच्या पृष्ठभागावर गॅलॅक्टोज ही शर्करा ओळखणारा एक ग्राहक असतो. दुधातील लॅक्टोज शर्करेत गॅलॅक्टोज असते. म्हणून त्यांनी लॅक्टोजच्या साखळ्या जोडलेले पॉलिस्टायरीन तयार केले. मूळ द्रव्य बशीचेच. केवळ त्यावर शर्करेची खूण. पेशी तिला धरून बसल्या, पण पसरल्या नाहीत आणि योग्य परिस्थितीत एकत्र येऊन त्यांचे गोलक बनले. पेशीने आधार कोणत्या हाताने धरला, यावरही तिची वागणूक अवलंबून असते असे यातून दिसते. इंटिग्रिनने धरले तर ती ताणली जाते, शर्कराग्राहकाने धरले तर शांत राहते.

तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळणारे अल्जिनेट तर याहून उदासीन आहे. पेशी त्याला चिकटतच नाहीत. दोष वाटावा असा हा गुण इस्रायलमधील स्मदर कोहेन यांच्या गटाने उपयोगात आणला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अल्जिनेटच्या सच्छिद्र स्पंजात यकृतपेशी सोडल्या. भिंती धरता न आल्याने पेशींनी एकमेकींना धरले, गोलक तयार झाले आणि अल्ब्युमिनचे प्रमाण वाढले. येथे छिद्राच्या आकाराला महत्त्व येते. यकृतपेशी प्राणवायू फार वापरते आणि रक्तवाहिनी नसताना प्राणवायू मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे नीट पोहोचत नाही. गोलक त्याहून मोठा झाला की आतल्या पेशी गुदमरतात. छिद्र लहान ठेवले की गोलकाची वाढ आपोआप आवरली जाते.

रेशमाबद्दल वाचताना आम्ही थबकलो, कारण तो विषय आपल्या दारातला निघाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवितात. ढिवर समाजातील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोसा काढीत आली आहेत. या रानातील रेशमाच्या प्रथिनात तीन अमिनो आम्लांची एक छोटी क्रमिका निसर्गतःच असते. इंटिग्रिन ज्या खुणेला धरते, तीच ही खूण. तुतीच्या रेशमात ती नसते. त्यामुळे टसर वा मुगा यांच्या द्रव्यावर पेशी अधिक चांगल्या चिकटतात. गुवाहाटीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी तुतीचे आणि रानातील रेशीम मिसळून यकृतपेशींसाठी चौकटी बनविल्या आहेत. कोसा वेचणाऱ्या हातांना या गोष्टीची वार्ता कोणी दिली असेल का, हा प्रश्न मनात येतो. या स्मरणिकेच्या वाचकांत त्या जिल्ह्यांतील पालक पुष्कळ आहेत. निदान त्यांच्यापर्यंत तरी ती पोहोचावी.

सर्वांत थक्क करणारा प्रयोग बॉस्टनमधील उयगुन आणि सहकाऱ्यांचा, २०१० सालचा. त्यांनी उंदराच्या यकृतातून साबणासारख्या द्रवाने सर्व पेशी धुऊन काढल्या. मागे उरले ते पांढुरके, अर्धपारदर्शक, पण यकृताच्याच आकाराचे जाळे. रक्तवाहिन्यांच्या वाटाही त्यात शाबूत. त्या रिकाम्या घरात नव्या यकृतपेशी सोडल्या आणि त्यांनी तेथे काम सुरू केले. उंदराच्या शरीरात ते यकृत जोडून काही तासच पाहता आले, कारण रक्त गोठण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. माणसासाठी असे यकृत अजून दूर आहे.

कोणाच्या जिवावर चाचणी

कोणी म्हणेल, बशीतील पेशीने अल्ब्युमिन बनविले काय नि न बनविले काय, आपल्याला त्याचे काय? १९९३ साली अमेरिकेत फियालुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी झाली. औषध हिपॅटायटिस बी या आजारावरचेच होते. प्राण्यांवरील चाचण्यांत त्याचा असा धोका दिसला नव्हता. पंधरा रुग्णांना ते दिले गेले. कित्येक आठवड्यांनी त्यांची यकृते निकामी होऊ लागली. पाच जण मरण पावले आणि दोघांचे प्राण यकृत-प्रत्यारोपणाने वाचले. हे विष सावकाश भिनणारे होते. ज्या पेशी बशीत तीन-चार दिवसांत आपला धर्म विसरतात, त्यांच्यावर असे विष कधीच दिसले नसते. मऊ आधार, दुसरा थर, योग्य शेजार यांनी मानवी पेशी आठवडे-आठवडे कामात राहू लागल्यावर फियालुरिडिनचा घातकपणा बशीतही दिसून आला. औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरण्यास अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून वाट दिली आणि भारतातही २०२३ साली नियमांत तशी दुरुस्ती झाली. नव्या औषधाच्या पहिल्या चाचणीत कोणाला उभे करावयाचे, हा प्रश्न गरिबांना नेहमीच अधिक जवळचा राहिला आहे. प्राणिमात्राविषयी करुणा सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांनीही या बदलाकडे लक्ष द्यावे.

आकड्याकडे परत

आता त्या मुलाच्या कागदाकडे येऊ. यकृतात आणखी एक प्रकारच्या पेशी असतात. त्यांना तारकापेशी म्हणतात. निरोगी यकृतात त्या अ-जीवनसत्त्व साठवून निवांत असतात. बशीच्या कठीण तळावर ठेवल्या की त्या काही दिवसांत रूप पालटतात आणि भराभर कोलॅजेन विणू लागतात. मऊ गादीवर ठेवल्या तर निवांत राहतात. विषाणूने, दारूने किंवा चरबीने यकृताला वारंवार इजा झाली की शरीरातही हेच घडते: तारकापेशी जाग्या होतात, कोलॅजेनचे व्रण पडतात, यकृत कडक होते आणि तो कडकपणाच आणखी तारकापेशींना जागे करतो. यकृतपेशींना मात्र त्याच वेळी आपला मऊ पाया गमवावा लागतो. बशीत जे अपघाताने घडले, ते आजारी शरीरात सावकाश घडत असते.

२००७ साली उंदरांवरील एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कोलॅजेनचे प्रमाण वाढण्याच्या आधीच यकृत कडक होऊ लागले होते. त्यामागे असलेल्या तंतूंचेच एकमेकांशी जखडले जाणे, हे कारण संशोधकांनी पुढे केले. चामडे कमावणे म्हणजेही दुसरे काय? बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कातड्याचे कोलॅजेन-तंतू एकमेकांना बांधले जातात आणि कातडे टिकाऊ होते. ज्या समाजांवर हे काम लादले गेले आणि त्याच कामासाठी ज्यांना अस्पृश्य ठरविले गेले, त्यांच्या हातांना कोलॅजेनचा स्वभाव पुस्तकांच्या फार आधीपासून ठाऊक होता.

फायब्रोस्कॅन हे यंत्र २००३ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आले. बरगड्यांवरून एक हलका ठोका देऊन त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते हे ते मोजते. लहर जितकी वेगवान, तितके यकृत कडक. निरोगी माणसात हा आकडा साधारण पाचाच्या आसपास असतो. साडेबाराच्या पुढे गेला तर डॉक्टरांना सिऱ्होसिसचा विचार करावा लागतो. मात्र यकृताला सूज असेल, हृदयाचा आजार असेल, किंवा नुकतेच जेवण झाले असेल तरी आकडा फुगतो. कारणाप्रमाणे मर्यादाही बदलतात. म्हणून केवळ कागद वाचून स्वतःच निदान करू नये, हे आम्ही त्या मुलालाही बजावून सांगितले.

शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात आम्ही विज्ञान-शिक्षकांच्या मदतीने तीन बश्या मांडल्या. पहिलीत जिलेटीन बेताचे घालून थिजविलेली मऊ गादी, दुसरीत तिप्पट जिलेटीनची घट्ट गादी, तिसरी रिकामी प्लास्टिकची. काटेकोर मोजमाप केले नव्हते. बोटाला फरक कळावा एवढाच हेतू. तो मुलगा सर्वांत शेवटी आला. त्याने तिन्ही बश्या बोटाने दाबून पाहिल्या, दुसरी दोनदा दाबली आणि विचारले, "सर, हे परत मऊ होतं का?"

जिलेटीनचे नाही, पण यकृताचे काही वेळा होते, असे आम्ही त्याला सांगितले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हिपॅटायटिस बीच्या रुग्णांना पाच वर्षे टेनोफोविर हे औषध दिले होते. आरंभी ज्या ९६ जणांना सिऱ्होसिस होता, त्यांपैकी ७१ जणांच्या यकृताच्या तुकड्यात पाच वर्षांनी सिऱ्होसिस उरला नव्हता. विषाणू आवरला गेला, इजा थांबली आणि व्रणाचे जाळे हळूहळू सैल झाले. उरलेल्या २५ जणांचे तसे झाले नाही, हेही आम्ही त्याच्यापासून लपविले नाही. औषध एकही दिवस चुकवायचे नाही, हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून घरी नेले. त्याची आणि धाकट्या बहिणीची रक्ततपासणी झाली आहे. दोघांनाही लागण नाही आणि राहिलेल्या लसीही देऊन झाल्या आहेत.

वडिलांची पुढची तपासणी अशोक विजयादशमीनंतरच्या आठवड्यात आहे. तोही कागद दाखवायला आणीन, असे तो म्हणाला आहे.